माहेरी गेल्यास यादी सोबत न्यावी

सकाळी दहाच्या सुमारास आमच्या ओसरीवरच्या बाकावर चार-पाच माणसं मांडीवर ताट घेऊन बसलेली असत. रिकामं ताट, त्यात दोन वाट्या आणि एक पळी. ब्रह्मपुरीत नवा आलेला माणूस रस्त्यावरच थबकायचा. इथं पंगत आहे की भांड्यांना कल्हई करून मिळते, ते त्याला कळायचं नाही. मला तरी कुठं कळत होतं? घर माझं, ओसरी माझी; पण त्या दोन वर्षांत आमच्या घराच्या दर्शनी भागात नेमकं काय चालतं असं कोणी विचारलं, तर "डायटवाल्या बाई आहेत," एवढं पुटपुटून मी आत सटकत असे.

बाई मूळच्या अहेरीकडच्या. चाळिशीच्या आतबाहेर, काटकुळ्या, चालायला भरभर. नागपूरच्या एका दवाखान्यातली नोकरी सोडून त्या आमच्या ओसरीलगतच्या समोरच्या खोलीत भाड्यानं आल्या. मागच्या अर्ध्या भागात राहायच्या, पुढच्या अर्ध्यात पेशंट पाहायच्या. त्या खोलीला दवाखाना म्हटलेलं त्यांना खपत नसे. "मी डॉक्टर नाई, भाऊ. माझ्याकडे सुई नाई, गोळी नाई." पण कोणी त्यांना साधी बाई समजून घाईघाईनं आत घुसलं, की म्हणायच्या, "डॉक्टरकडे असेच चपला घालून घुसता काय जी?" या दोन वाक्यांचा मेळ घालायचा मी बरेच दिवस प्रयत्न केला. मग सोडून दिला.

त्यांच्या भिंतीवर डिगरी नव्हती. सात पळ्या टांगलेल्या होत्या, लहानापासून मोठीपर्यंत. पहिल्या दिवशी पेशंटला विचारायच्या, "तुमच्या घरची यातली कोणती?" प्रत्येक जण सगळ्यात लहान पळीकडे बोट दाखवायचा. माझ्या समजुतीप्रमाणे ब्रह्मपुरी तालुक्यात मोठी पळी नव्हतीच. मग बाई म्हणायच्या, "उद्या घरून घेऊन या. ताट, वाटी, पळी, सगळं." म्हणून तो बाक.

दुसरा प्रकार भाताचा. रोज सकाळी बाई गंजभर, म्हणजे मोठं पातेलंभर, भात शिजवत. पेशंट म्हणाला, "भात मी थोडासाच खातो बाई," की गंज पुढे सरकवायच्या. "वाढून दाखवा." धानाच्या व्यापारातला एक धिप्पाड माणूस माझ्यादेखत हे करत होता. मी तेव्हा खिडकीपाशी उगाच मोगऱ्याला पाणी घालत होतो. त्यानं थोडासा भात वाढला. बाई तो पळीनं परत गंजात टाकायला लागल्या, मोठ्यानं मोजत. सात झाल्यावर थांबल्या.

"हा थोडासा?"

"घरी यावर अजून थोडासा घेतो," तो म्हणाला. "इथी लाज वाटते, बाई."

एवढं झाल्यावर बाईंनी त्याचा भात तोडावा, निदान अर्धा करावा, अशी माझी अपेक्षा. पण बाईंचा एकच मंत्र होता: "बंद काहीच नाई. सरकवा." रात्रीचा भात सकाळी सरकवा. वरण पुढे आणा. लाखोळीची डाळ आठवड्याच्या या दिवसावरून त्या दिवसावर न्या. आणि मजा अशी की लोकांना हे अजिबात आवडत नसे. पेशंट हात जोडायचे. "काहीतरी बंद करा ना बाई. आलू तरी बंद करा."

"आलूनं काय केलं तुमचं?"

"काही नाई केलं. पण काही बंद नाई केलं त घरचे म्हनतात, मंग गेला कायले होता?"

तरी बाईंनी कोणाचे आलू बंद केले नाहीत. वर कागदही देत नसत. ही तर कहरच गोष्ट. माणूस तासभर बसणार, ताट वाढून दाखवणार, काल सकाळपासून तोंडात काय काय गेलं ते सांगणार, आणि जाताना त्याच्या हातात काही नाही. उलट बाई त्याच्याकडून पाठ म्हणून घेणार. पन्नाशीचा माणूस शाळेतल्यासारखा उभा राहून, "सकाळी सात वाजता दोन भाकरी, कालची भाजी, ताक," असं घोकताना मी ऐकलेला आहे. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. बाहेर येऊन तो बाकावरच्या लोकांना सांगायचा, "गोळी नाई, कागद नाई, अन भांडे आपलेच!" आणि पुढच्या आठवड्यात परत यायचा. काऊन येत होते, मला माहीत नाही.

गंजातला उरलेला भात बाई दुपारी तीन वाजता स्वतः खात. थंडगार भात, जवसाची चटणी आणि मुठीनं फोडलेला कांदा. तेही खिडकी उघडी टाकून. समोरच्या घरातल्या वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, "लोकाले शिकवते अन स्वतः हाणते पहा कशी!" मी भाडेकरूची अब्रू ती आपली अब्रू समजून बाईंना हळूच सुचवलं, की खिडकी लावून घेत चला. बाई म्हणाल्या, "काऊन? भात चोरीचा आहे काय?" मी परत मोगऱ्याला पाणी घातलं. त्या मोगऱ्याची मुळं त्या वर्षी सडली.

आठवड्यातले दोन दिवस बाई फिरतीवर. सोमवारी चंद्रपूरच्या एका लॅबमध्ये पडद्यामागे त्यांना एक टेबल मिळायचं. गुरुवारी घुग्घुसला, तिथं खाणीतले कामगार. तिथल्या लोकांना त्या काय खाता हे विचारतच नसत, पहिला प्रश्न "पाळी कोणती?" संध्याकाळी परतायच्या तेव्हा कानापर्यंत कोळशाची धूळ. एकदा चंद्रपूरच्या बसस्टँडवर मी गाडीची वाट पाहत होतो, तर कँटीनमध्ये बाई आणखी दोघींबरोबर बसलेल्या. तिघींपुढे तर्री-पोहे, आणि तिघी हातवारे करून भांडत होत्या. मला पाहून बाईंनी हाक मारली.

"या भाऊ. आमचं अधिवेशन सुरू आहे. ह्या जिममध्ये बसतात, ह्या पावडरीचे डबे विकतात अन मी भात खाते. असे आम्ही जिल्ह्यातले स्वतंत्र धंदेवाले."

डबेवाल्या बाई चिडून म्हणाल्या, "डबा घेऊन माणूस खुश जातो. तुह्याकडून जाताना काय नेते तो?"

बाई तर्रीत लिंबू पिळत राहिल्या. मी मात्र मनातल्या मनात डबेवाल्या बाईंना मत दिलं. कारण मी कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. माणूस हयात आहे हे माणूस समोर उभा असूनही मी कागद पाहिल्याशिवाय मानत नाही.

आणि इथंच माझ्या बाबांची गोष्ट सुरू होते. ती सांगताना मी मधेच खोकलो तर समजून घ्या.

बाबा एसटीत कंडक्टर होते. शहात्तराव्या वर्षापर्यंत तीनही वेळा भात खाणारा माणूस. बाई आमच्याकडे राहायला येण्याच्या दोन महिने आधी सकाळची वंदना करताना त्यांना चक्कर आली. मी त्यांना नागपूरला नेलं. तपासण्या झाल्या, साखर थोडी वर निघाली, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. काउंटरवर ही गर्दी. मी रिपोर्ट, बिल, गोळ्यांची चिठ्ठी आणि आहाराची यादी असा गठ्ठा उचलला आणि गाडी चुकू नये म्हणून धावत सुटलो.

घरी येऊन यादी वाचली. भात नाही. साखर नाही, तेल नाही, मीठ जवळजवळ नाही. सकाळी एक फुलका, दुपारी एक फुलका, काकडी, उकडलेला दुधी, ताक. वीस वेळा जिना चढ-उतार. मला यादी फार आवडली. इतकी स्वच्छ, रकाने आखलेली यादी आमच्या ऑफिसातही होत नाही. मी ती लॅमिनेशन करून आणली आणि फ्रिजशेजारी लावली. आमच्या घराला जिना नाही. म्हणून बाबा रोज संध्याकाळी ओसरीची एकुलती एक पायरी वीस वेळा चढत आणि उतरत, गाडीचा दांडा धरावा तसा खांब धरून. मी मोजायला उभा.

यादीच्या तळाशी निळ्या पेनानं हातानं लिहिलेलं होतं: "माहेरी गेल्यास ही यादी सोबत न्यावी."

"मामाजींचं माहेर कुठी आलं?" बायकोनं विचारलं.

"दवाखान्याची भाषा असते ती," मी म्हणालो. "म्हणजे नातेवाइकांकडे."

"मले त हे बाईमानसाचं वाटते."

"तुले सगळंच बाईमानसाचं वाटते," असं मी म्हणालो. हे वाक्य माझ्या बायकोला आजही पाठ आहे. चुकत नाही कुठंच.

पुढे बाबा गडचिरोलीला माझ्या बहिणीकडे दोन दिवस गेले, तेव्हा ती लॅमिनेटेड यादी कापडी पिशवीत घालून घेऊन गेले. हुकूम तो हुकूम.

चार महिन्यांत बाबांचे खांदे शर्टातून दिसायला लागले. पायजम्याची नाडी दोनदा गुंडाळायचे. जेवायला बसले की फुलका संपवून गप उठायचे. रात्री मी पलंगावर पडून छताकडे पाहत बसे. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा रक्त तपासलं. सगळं ठीक, साखर तर उत्तम. मग माणूस का झिजतोय? मनात नको ते रोग यायचे. त्यांची नावं मी मोठ्यानं घेत नसे. पण इलाज एकच सुचे: यादी आणखी काटेकोर पाळायची.

"समोर बाई बसून आहेत, त्याहिले विचारा ना एकदा," बायको म्हणायची.

"त्या कागद देत नाईत," मी म्हणायचो. "आपल्याकडे कागद आहे."

एका सकाळी बाईंच्या कुकरची रिंग तुटली. गंजभर भात आमच्या गॅसवर शिजवता येईल काय, असं विचारायला त्या पहिल्यांदाच आमच्या स्वयंपाकघरात आल्या. बायकोनं गॅस रिकामा करून दिला. बाईंनी भात चढवला आणि वळल्या, तर समोर यादी.

वाचता वाचता त्या खाली वाकल्या. तळाच्या ओळीपाशी थांबल्या. मी दाराशी उभा होतो, जरा अभिमानानंच.

"हे कोणाचं?"

"बाबांचं. नागपूरहून आणलं."

"वरची पट्टी कुठी आहे? नावाची?"

"कापली."

"काऊन?"

"फ्रिज अन रॅकच्या मधी बसत नव्हती," मी म्हणालो.

बाई तिथंच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. भाताला आधण येऊन झाकण उडायला लागलं तरी त्या हलल्या नाहीत. "हे अक्षर माझं आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. "तिथी नोकरीत असताना लिहिलं होतं. एका बाईसाठी. पंच्याण्णव किलोच्या. दिवाळीत माहेरी जाते अन सगळं विसरते म्हने, म्हणून खाली लिहिलं."

मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. एक प्रश्न मात्र आठवतो, आणि त्याची लाज वाटते. मी विचारलं, "मग बाबांची यादी कुठं आहे?"

"तिच्याकडे असन."

बाई भात तसाच सोडून गेल्या. तो दिवस आणि दुसरा दिवस त्यांनी दार उघडलं नाही. बाकावर ताटं घेऊन माणसं आली आणि ताटं घेऊन गेली. आम्हाला वाटलं, रागावल्या. माझ्यावर रागावल्या की स्वतःवर, यावर आमचा नवरा-बायकोचा वाद झाला. खिडकी बंद होती, पण आतून फोनवर बोलणं ऐकू यायचं. नंतर कळलं की त्या जुन्या ओळखीनं त्या माहेरवाल्या बाईचा पत्ता काढत होत्या. बाबांच्या यादीप्रमाणे खाऊन तिचं काय झालं असेल, याचा त्यांना घोर लागला होता. दोन दिवसांनी ती सापडली. ठणठणीत होती. तिनं दवाखान्यातून आणलेली पिशवीच उघडली नव्हती.

"चाळीस-चाळीस याद्या लिहीत होते एका दिवशी," हे सांगताना बाई म्हणाल्या. "माणूस बाहेर, मी आत. कागद मधल्या खिडकीतून जायचा." एवढंच. त्यावर मी समजल्यासारखी मान हलवली.

त्या पुढं अहेरीला निघून गेल्या तेव्हाही मी अशीच मान हलवली होती. चांगला जम बसला होता, बाकाला दुसरा बाक जोडावा लागला होता. का जाता म्हटलं, तर म्हणाल्या, "तिकडच्या पळ्या पाहाच्या राह्यल्या." सात पळ्या कापडात गुंडाळून काळीपिवळी जीपमध्ये बसल्या. हे उत्तर होतं की टाळाटाळ, मी अजून ठरवलेलं नाही.

पण ते नंतरचं. तिसऱ्या दिवशी बाईंनी दार उघडलं, बाबांचे सगळे रिपोर्ट मागून घेतले, गावातल्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या आणि बाबांना समोरच्या खोलीत बोलावलं. मी आणि बायको मागोमाग. बायकोनं आमच्या घरचं ताट, वरणाचं भांडं आणि दोडक्याची भाजी आणली होती. गंज तयार होता.

"बाबा, भात खायचा आजपासून," बाई म्हणाल्या.

"कागदावर भात नाई," बाबा म्हणाले.

"तो कागद माझा आहे, बाबा. चुकीच्या माणसाले गेला."

"असन. पण पोरानं लॅमिनेशन केलं आहे त्याचं."

माझी मान खाली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचे उपकार.

बाईंनी वाद घातला नाही. "नका खाऊ," त्या म्हणाल्या. "फक्त वाढून दाखवा. ड्यूटीवरून येत होते तेव्हा कसा वाढून घेत होते, तेवढं दाखवा. मग जा."

बाबांनी पळी हातात घेतली. दोन पळ्या भात ताटात पडला, मग तिसरी. पळीच्या पाठीनं त्यांनी तो दाबून गोल केला, मधोमध खळगा केला आणि इकडंतिकडं पाहिलं. "वरन?" बायकोनं वरण पुढं केलं. खळगा भरला. कडेला भाजी. ताट तयार झालं.

आता बाईंनी पळीनं मोजायला सुरुवात करायची, हा शिरस्ता. त्यांनी पळी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. बाबा ताटाकडे पाहत होते.

"मले भूक लागते, बाई," ते हळूच म्हणाले. "रोज लागते."

"मंग सांगितलं काऊन नाई, बाबा?" हे मी.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू ऑफिसातून आला की पहिले ती यादी पाहत होता. बरोबर चालू आहे म्हनून खुश होत होता. मले वाटलं, चालू दे."

मी वरणाचं भांडं त्यांच्याकडे आणखी सरकवलं.

बाबांनी पहिला घास घेतला. मग दुसरा. तिसरा घास भाजीबरोबर घेतला आणि एकदम थांबले. कपाळाला आठ्या पडल्या. चार महिन्यांनी अन्न गेलं, सोसलं नाही की काय, पाणी आणू की डॉक्टरला आणू, मी अर्धा उठलो.

"सूनबाई," बाबा माझ्या बायकोला म्हणाले, "या भाजीत मीठ टाकाले विसरली काय? निस्ती अळणी केली."

लग्न होऊन आली तेव्हापासून बाबांनी तिच्या हातच्या एकाही भाजीला नाव ठेवल्याशिवाय जेवण केलं नव्हतं. कधी तिखट, कधी शिजून गचका, कधी तेल तरंगते. त्यावरून तिनं माझ्याशी किती भांडणं केली असतील, त्याची मोजदाद नाही. आणि चार महिने तो माणूस रोज उकडलेला दुधी खाऊन एक शब्द न बोलता उठत होता. बायकोनं तोंडाला पदर लावला, भिंतीकडे वळली आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसते की रडते, मला मागून समजेना.

मी बाईंकडे पाहिलं. तज्ज्ञ त्याच होत्या. "हे चांगलं लक्षण समजायचं काय?" मी विचारलं.

बाईंनी भाजीच्या भांड्यातून एक फोड घेतली, तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिल्या.

"अळणीच आहे," त्या म्हणाल्या. "जा, मीठ आना."